ऐंशी ओळी कुठे गेल्या? ‘हेलो ३’ आणि एचडी टीव्हीचं प्रकरण

२५ सप्टेंबर २००७ला ‘हेलो ३’ हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम आला आणि पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत १७ कोटी डॉलरची विक्री करून गेला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, तो हुकमाचा एक्का होता. नवा एलसीडी टीव्ही घेऊन, त्याला कन्सोल जोडून लोक या गेमची वाट बघत बसले होते. गेम हाती पडला आणि थोड्याच दिवसांत काही चिकित्सक मंडळींनी त्यातली स्थिर चित्रं मोठी करून तपासली. गेम १२८० × ७२० पिक्सेलचा, म्हणजे १२८० ठिपक्यांच्या ७२० ओळींचा, नव्हताच. तो ११५२ × ६४० मध्ये रंगवला जात होता आणि मग ताणून ७२० ओळींचा केला जात होता. म्हणजे ज्याला मायक्रोसॉफ्ट ‘एचडी’ म्हणत होती, त्याच्या ऐंशी ओळी गायब.

आरडाओरडा झाला. पण ज्यांनी तो केला त्यांनीही त्याआधी तोच गेम तासन्‌तास खेळून त्याच्या ग्राफिक्सची तोंडभरून स्तुती केली होती. पट्टी लावून मोजेपर्यंत कुणाला काही कमी वाटलं नव्हतं.

एचडी टीव्हीमुळे कन्सोलचे गेम खरंच चांगले दिसतात का, हे तपासायला मला हे प्रकरण फार सोयीचं वाटतं. टीव्ही एचडी, केबल एचडी, खोक्यावर एचडी छापलेलं आणि आतलं चित्र मात्र तेवढं नाही. तरीही ते जुन्या टीव्हीपेक्षा कितीतरी सरस दिसत होतं. मग सुधारणा नेमकी कशामुळे झाली?

आधी काय सांगितलं होतं

मार्च २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स भरली होती. तिथे मायक्रोसॉफ्टचे अधिकारी जे. अलार्ड यांनी ‘एचडी युग’ सुरू झाल्याची द्वाही फिरवली. त्या वर्षी कंपनी जे सांगत होती त्याचा सारांश असा, की नव्या कन्सोलवरचा प्रत्येक गेम किमान ७२०पी, म्हणजे ७२० ओळींचा, असेल, रुंद पडद्यासाठी असेल आणि त्याच्या कडा गुळगुळीत केलेल्या असतील. सोनीने त्याच वर्षीच्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात प्लेस्टेशन ३ दाखवताना १०८०पीचा आकडा पुढे केला आणि एक नाही, एचडी चित्र टीव्हीला देणारे दोन-दोन एचडीएमआय पोर्ट दाखवले. (वर्षभरात त्यातला एक गुपचूप गेला.)

२२ नोव्हेंबर २००५ला एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत विक्रीला आला. त्याच दिवशीच्या गेमांपैकी ‘प्रोजेक्ट गॉथम रेसिंग ३’ हा १०२४ × ६०० मध्ये चालत होता. म्हणजे नियम पहिल्याच दिवशी मोडला होता. तरी खोक्यांच्या मागच्या बाजूला ‘एचडीटीव्ही ७२०पी/१०८०आय/१०८०पी’ ही ओळ छापलेली असायचीच. ती ओळ खोटी नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. ती सांगत होती की कन्सोल टीव्हीला कोणता सिग्नल देऊ शकतो. गेम आत किती पिक्सेल रंगवतो, याचा तिच्याशी संबंध नव्हता. विकणाऱ्याने हा फरक सांगितला नाही आणि घेणाऱ्याने विचारला नाही.

आपल्याकडे एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आला. त्या काळी इथल्या घरांत डबा टीव्हीच जास्त. ज्यांनी हौसेने एलसीडी घेतला, त्यांच्यासमोर वेगळीच पंचाईत होती, की एचडी बघायचं काय? डीटीएचवर एचडी वाहिन्या यायला २०१० उजाडलं. तोवर महागडा एचडी पडदा केबलचंच चित्र ताणून दाखवत होता, आणि डबा टीव्हीपेक्षा ते वाईट दिसायचं. त्या पडद्याचं चीज करणारं हाताशी काही असेल तर ते कन्सोल, किंवा ब्लू-रे, आणि ब्लू-रे तेव्हा इथे किती जणांकडे होता!

मोजणी कशी झाली

हे पिक्सेल मोजण्याचं काम बघायला मजेशीर आहे, आणि घरी करता येण्यासारखं आहे. गेममधली एखादी जवळजवळ आडवी, पण किंचित तिरकी कड शोधायची. छपराची, बंदुकीच्या नळीची, दूरच्या तारेची. पडद्याचं चित्र जसंच्या तसं पकडायचं आणि ते मोठं करायचं. तिरकी कड पिक्सेलमध्ये रंगवताना तिच्या पायऱ्या पडतात. गेम खरोखर ७२० ओळींचा असेल, तर कड जेवढ्या ओळी खाली उतरते तेवढ्याच पायऱ्या मोजून निघतात. नऊ ओळींत नऊ पायऱ्या.

‘हेलो ३’ मध्ये नऊ ओळींत आठच पायऱ्या निघाल्या. ७२०ला ९ने भागून ८ने गुणा, ६४० येतात. उभ्या कडा घेऊन हाच खेळ आडव्या दिशेने केला की दहा पिक्सेलांत नऊ पायऱ्या येतात, म्हणजे १२८०चे ११५२. दोन्ही दिशांची ताण सारखी नाही, हेही त्यातूनच कळलं. ११५२ × ६४० हे प्रमाण सोळास नऊ नाही, किंचित रुंद आहे. हा आकडा कुणीतरी अगदी जुळवून, काटकसर करून बसवलेला आहे, हे बघणाऱ्याला तिथेच कळायला हवं होतं.

दहा मेगाबाइटचा ओटा

हा आकडा कुठून आला, हे समजलं की प्रकरणाची निम्मी गाठ सुटते.

एक्सबॉक्स ३६०च्या ग्राफिक्स चिपसोबत दहा मेगाबाइटची एक खास मेमरी होती. अतिशय वेगवान, पण तेवढीच. मुख्य ५१२ मेगाबाइट मेमरी हे कोठीघर, आणि ही दहा मेगाबाइट म्हणजे शेगडीशेजारचा ओटा. स्वयंपाक ओट्यावरच होणार, आणि ओटा लहान.

आता हिशेब करू. एका पिक्सेलच्या रंगाला ४ बाइट, तो पिक्सेल किती खोल आहे याच्या नोंदीला ४ बाइट. १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल. गुणिले ८, म्हणजे सुमारे ७३.७ लाख बाइट. ओट्याची जागा १,०४,८५,७६० बाइट. बसलं, थोडी जागाही उरली.

पण ‘हेलो ३’ बनवणाऱ्या बंजी या स्टुडिओला साधा रंग नको होता. त्यांना उजेड हवा होता. जंगलात पानांआडून डोळ्यावर येणारं ऊन, गुहेच्या तोंडाशी पांढराशुभ्र प्रकाश आणि आत मिट्ट काळोख, आणि हे दोन्ही एकाच चित्रात. साध्या ८ बिटच्या रंगात हे मावत नाही. उन्हाचा भाग जळून सपाट पांढरा होतो, नाहीतर सावलीतलं सगळं काळं पडतं. म्हणून त्यांनी एका चित्रासाठी रंगाचे दोन साठे ठेवले, एक मंद उजेडाच्या आकड्यांसाठी, दुसरा प्रखर उजेडासाठी. शेवटी दोन्ही मिसळून पडद्यावरचं चित्र तयार व्हायचं. बंजीने नंतर जाहीर खुलासा करताना हेच कारण दिलं, आणि ऐंशी ओळींवरून लोक बोलणार हेही स्वतःच कबूल केलं.

हिशेब आता असा झाला: रंगाचे ४ अधिक ४, खोलीचे ४, एकूण पिक्सेलमागे १२ बाइट. ९,२१,६०० गुणिले १२ म्हणजे १,१०,५९,२०० बाइट. ओट्याबाहेर जातंय. ११५२ × ६४० घेतलं की पिक्सेल होतात ७,३७,२८०, आणि बाइट ८८,४७,३६०. बसलं. हे गणित त्यांच्या कागदावरचं नाही, माझं आहे. पण दोन साठे आणि दहा मेगाबाइट या दोन गोष्टी ठरल्या की पूर्ण ७२०ला एकसंध जागा उरत नाही, हे कुणीही करून पाहावं.

दुसरा मार्ग होता. चित्राचे तुकडे करून एकेक तुकडा ओट्यावर घ्यायचा, तयार झाला की बाहेर ठेवायचा. कन्सोलमध्ये त्याची सोय मुद्दाम केलेली होती. पण तुकड्यांच्या सीमेवरची दृश्यातली भूमिती पुन्हापुन्हा काढावी लागते आणि वेळ जातो. सेकंदाला ३० चित्रं काढायची म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद, आणि ‘हेलो ३’ मध्ये भलीमोठी मैदानं, वाहनं, डझनावारी शत्रू एकदम. बंजीने ओळी सोडल्या, उजेड ठेवला.

शेजारचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ आला. तो आणखी लहान, १०२४ × ६००. पण त्यांनी जागा वेगळ्या ठिकाणी खर्च केली. प्रत्येक पिक्सेलचे दोन नमुने घेऊन कडा गुळगुळीत केल्या आणि वेग सेकंदाला ६० चित्रांचा ठेवला. ६,१४,४०० पिक्सेल गुणिले १६ बाइट म्हणजे ९८,३०,४००. हेही दहा मेगाबाइटमध्ये जेमतेम बसतं. दोन मोठे स्टुडिओ, एकच यंत्र. दोघांनीही ७२०चा हट्ट सोडला आणि वाचलेल्या जागेत दोघांनी वेगवेगळी खरेदी केली.

हॉलमध्ये बसून काय दिसतं

इथून टीव्हीकडे वळू. ऐंशी ओळी नसल्याचं घरी बसलेल्या माणसाला कळत का नव्हतं?

तेव्हाचा मध्यमवर्गीय एलसीडी म्हणजे ३२ इंची. त्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. ७२० ओळी असतील तर एक ओळ अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जाड, ०.५५ मिलिमीटर. चांगली नजर साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक ओळखते. त्या हिशेबाने ७२० ओळी सव्वासहा फुटांपलीकडून वेगळ्या दिसेनाशा होतात. ६४० ओळी सात फुटांपलीकडून. आपल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये टीव्ही एका भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, मध्ये आठ-नऊ फूट. तिथून ६४० काय आणि ७२० काय, ओळींपुरतं सारखंच.

पण हाच हिशेब पुढे नेला की तो आपल्यालाच अडचणीत आणतो. डबा टीव्हीवरच्या आपल्या पाल या प्रक्षेपणाच्या पद्धतीत ५७६ ओळी होत्या. ३२ इंची पडद्यावर त्या पावणेआठ फुटांपलीकडून वेगळ्या दिसत नाहीत. मग आठ-नऊ फुटांवरून डबा टीव्ही आणि एचडी टीव्ही यांतही फरक दिसायला नको होता. आणि तो तर आंधळ्यालाही दिसावा एवढा होता. म्हणजे फरक ओळींच्या संख्येत नव्हता, बाकी कशात तरी होता.

तो बाकीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डबा टीव्ही ५७६ ओळी एकदम दाखवत नव्हता. आधी विषम ओळी, मग सम, सेकंदाला पन्नास वेळा आलटूनपालटून. बारीक आडवी रेघ असली की ती थरथरायची. गेमच्या मेनूतली नाजूक अक्षरं म्हणजे अशाच रेघा. शिवाय सिग्नल यायचा पिवळ्या पिनेतून. त्या एका तारेत उजेड आणि रंग दोन्ही कोंबलेले. रंगाच्या माहितीला त्यात फार थोडी जागा, म्हणून लाल रंग कडेबाहेर सांडायचा आणि दोन रंगांच्या सीमेवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके दिसायचे. एचडीबरोबर तीन गोष्टी एकदम झाल्या: आलटूनपालटून ओळी गेल्या, कोंबलेला सिग्नल गेला, आणि पडदा मोठा झाला. २१ इंची डब्यापेक्षा ३२ इंची रुंद पडद्याचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त भरतं. रुंदीमुळे अनेक गेममध्ये डावी-उजवीकडचं जास्त दिसू लागलं, आणि नेमबाजीच्या गेममध्ये कोपऱ्यातून येणारा दिसणं म्हणजे जीव वाचणं.

एकाच टीव्हीवर चौघं खेळत असतील तर एचडीचा फायदा निर्विवाद आहे, आणि इथे ओळींची संख्याच कामी येते. ‘हेलो ३’च्या सामन्यांत पडद्याचे चार भाग करून चौघांना खेळता येतं. जुन्या ६४० × ४८० चित्राचा एक चतुर्थांश म्हणजे ३२० × २४०. त्यात दूरचा शत्रू दोन-चार ठिपक्यांचा, तो आपला की परका हे ओळखेपर्यंत खेळ खलास. ११५२ × ६४०चा चतुर्थांश ५७६ × ३२०, म्हणजे दुपटीहून जास्त पिक्सेल. ज्यांनी चौघांत हा गेम खेळलाय त्यांना एचडीने काय दिलं हे वेगळं सांगायला नको.

पिवळी पिन

एक्सबॉक्स ३६०च्या महाग संचासोबत मिळणारी केबल जरा बारकाईने बघू, कारण अनेकांचं एचडी तिथेच अडकलं. टीव्हीकडच्या टोकाला तिला हिरवी, निळी, लाल अशा चित्राच्या तीन पिना होत्या, आवाजाच्या लाल-पांढऱ्या दोन, आणि शिवाय जुन्या टीव्हीसाठी पिवळी. लाल पिना दोन, त्यांची अदलाबदल हा वेगळाच घोळ. कन्सोलकडच्या टोकाला एक छोटी सरकती कळ होती: एका बाजूला ‘टीव्ही’, दुसऱ्या बाजूला ‘एचडीटीव्ही’. कळ ‘टीव्ही’कडे राहिली की सगळ्या पिना बरोबर लावूनही एचडी नाही. कळीकडे लक्ष न देता ओळखीची पिवळी पिन लावली, चित्र आलं, गाडी पुढे. स्वस्त संचात तर निव्वळ पिवळ्या पिनेचीच केबल होती. आणि पहिल्या दीडेक वर्षातल्या कन्सोलना एचडीएमआय नव्हतंच. ते एप्रिल २००७ मध्ये ‘एलिट’ आवृत्तीपासून आलं.

त्या पिवळ्या पिनेवरून एचडी पडद्यावर येणारं चित्र डबा टीव्हीपेक्षा वाईट असायचं. डबा टीव्हीची काच आपोआपच ते मऊ करायची. एलसीडीला मात्र आलटूनपालटून आलेल्या ओळी एकत्र शिवाव्या लागतात, मग ताणाव्या लागतात, आणि त्यात शिवणीचे दात दिसतात. प्लेस्टेशन २ नव्या टीव्हीला लावून ‘हे असं का दिसतंय’ म्हणणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

याउलट टोकाचं उदाहरण ऑगस्ट २००६च्या ‘डेड रायझिंग’चं. गेमात सूचना अक्षरांत यायच्या आणि ती अक्षरं एचडी पडद्यावर बघून आखलेली. साध्या टीव्हीवर ती वाचताच येत नव्हती. तक्रारींचा पाऊस पडला. म्हणजे २००६ पासून काही गेम एचडीवर जास्त छान दिसत होते असं म्हणण्यापेक्षा, साध्या टीव्हीवर ते धड खेळता येईनासे झाले होते. टीव्हीने गेम सुधारला की गेम करणाऱ्यांनी जुना टीव्ही वाऱ्यावर सोडला? माझ्या मते दुसरं बऱ्याच अंशी खरं आहे.

टीव्हीने काढून घेतलेलं

सगळं नीट जोडलं तरी टीव्ही स्वतः काही गोष्टी बिघडवत होता. ‘एचडी रेडी’ म्हणून विकलेल्या बहुतेक पॅनेलना ७२० ओळी नव्हत्याच. त्यांना ७६८ होत्या, १३६६ × ७६८. म्हणजे ‘हेलो ३’चं चित्र ६४०चं ७२० कन्सोलने केलं आणि ७२०चं ७६८ टीव्हीने. दोनदा ताणलेलं चित्र. त्यावर पुन्हा बरेच टीव्ही कडेचा थोडा भाग कापून उरलेलं मोठं करून दाखवायचे. ही डबा टीव्हीच्या काळातली सवय, एचडीत तिचं काही काम नाही. सेटिंगमध्ये कुठेतरी आत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाने तो बंद करायचा पर्याय लपलेला असतो. कुणाच्या घरी नवा टीव्ही बघायला गेलो की मी आधी रिमोट मागतो आणि हे शोधतो. यजमानांना तो आगाऊपणा वाटतो, पण कापलेला स्कोअर परत दिसायला लागला की चहा मिळतो.

दुसरी गोष्ट हालचालीची. आतापर्यंतचा सगळा हिशेब स्थिर चित्राचा होता आणि गेम स्थिर नसतो. डबा टीव्हीवर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझतो, म्हणून हलणारी वस्तू डोळ्याला रेखीव दिसते. एलसीडी एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो. आपली नजर मात्र वस्तूबरोबर सरकत असते, म्हणून चित्र डोळ्यात पुसट उमटतं. खेळाडूने मान वळवली आणि दृश्य एका सेकंदात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं, तर सेकंदाला ६० चित्रांच्या एलसीडीवर साधारण २१ पिक्सेलांची पुसट पट्टी तयार होते. सेकंदाला ३० चित्रांच्या गेमात तर प्रत्येक उडीच ४०हून जास्त पिक्सेलांची. अशा वेळी ६४० ओळी आहेत की ७२०, याला काही अर्थ उरत नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ ६०० ओळींचा असूनही अनेकांना जास्त ‘स्वच्छ’ वाटायचा, त्याचं मोठं कारण इथे आहे.

तिसरी, बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर. टीव्ही चित्र ताणतो, रंग उठावदार करतो, गोंगाट पुसतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो. ‘गिटार हीरो २’च्या एक्सबॉक्स ३६० आवृत्तीत हा उशीर मोजून गेम जुळवून घ्यायची सोय द्यावी लागली, कारण तालावर बोट पडूनही सूर चुकत होते. ‘गेम मोड’ लावला की टीव्ही ही रंगरंगोटी सोडतो. रंग जरा फिके वाटतात, पण हात आणि डोळा पुन्हा जुळतात. दुकानातला डेमो नेमका याच्या उलट, सगळी रंगरंगोटी चालू ठेवून दाखवतात.

बंजीचं काय चुकलं

ओळी सोडण्याचा निर्णय मला पटतो. ‘हेलो ३’चा पहिला भाग, जंगलातला, आजही बघा. झाडांमधून पडणारं ऊन आणि ओल्या खडकांची चकाकी ही त्या काळच्या पूर्ण ७२० ओळींच्या कितीतरी गेमना जमली नव्हती. त्यांच्या संशोधकांनी २००८ मध्ये सिगग्राफ या संगणकचित्रांच्या परिषदेत ही प्रकाशपद्धत सविस्तर मांडली, आणि ती वाचताना जाणवतं की आधीच मोजून साठवलेल्या उजेडात पृष्ठभागाचा खडबडीतपणासुद्धा नीट दिसावा यासाठी किती खटाटोप केलेला होता.

पटत नाही ते कडांचं. गेममध्ये कडा गुळगुळीत करण्याची काहीच सोय नव्हती. आणि इथे नजरेचा वेगळा नियम लागतो. दोन ओळी वेगळ्या ओळखायला डोळ्याला एक कला लागते, पण सरळ रेघेत पडलेला खंड तो त्याच्या कितीतरी पट बारीक असला तरी टिपतो. म्हणून आठ फुटांवरून ओळी मिसळून जातात, पण बंदुकीच्या नळीवरच्या पायऱ्या आणि दूरच्या कठड्यांची चालताना होणारी चुळबूळ दिसत राहते. पिक्सेल मोजणाऱ्यांनीही त्या पायऱ्यांचाच आधार घेतला होता. ओळी कमी केल्या त्यापेक्षा कडा उघड्या सोडल्या, ही खरी उणीव. तिची चर्चा कमी झाली, कारण खोक्यावर ‘७२०’ छापलेलं होतं, ‘गुळगुळीत कडा’ छापलेलं नव्हतं.

तोच गेम, नऊपट पिक्सेल

या प्रकरणाला नंतर एक असा पुरावा मिळाला, जो सहसा मिळत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन एक्स या नव्या कन्सोलसाठी काही जुने गेम त्यांच्या मूळ फायलींना हात न लावता मोठ्या रिझोल्यूशनवर चालवायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत ‘हेलो ३’ होता. प्रत्येक दिशेला तिप्पट, ३४५६ × १९२०. नऊपट पिक्सेल, बाकी सगळं २००७चं.

फरक प्रचंड होता. दूरचे कठडे स्थिर झाले, पायऱ्या गेल्या, २००७ मध्ये चिखलासारखे वाटलेले पोत आत बारकावे घेऊन बसले होते ते वर आले. (माणसांचे चेहरे मात्र आणखी लाकडी दिसू लागले, ते लपवायला ६४० ओळीच बऱ्या होत्या.) पण खरी गंमत पुढे आहे. हा फायदा ४के, म्हणजे २१६० ओळींचा, टीव्ही नसलेल्यांनाही मिळाला. साध्या फुल एचडी (१०८० ओळींच्या) टीव्हीवर कन्सोल तेच मोठं चित्र लहान करून पाठवतो, आणि लहान करताना शेजारचे पिक्सेल मिसळून कडा आपोआप मऊ होतात. टीव्ही तोच, केबल तीच, सोफा तिथेच, आणि गेम मात्र डोळ्यांत भरण्याइतका सुधारला.

मग २००७च्या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन. एचडी टीव्हीने कन्सोल गेमचं दिसणं सुधारलं, यात वाद नाही. पण त्याने पिवळी पिन हद्दपार केली, थरथरणाऱ्या ओळी घालवल्या आणि पडदा रुंद केला म्हणून. खोक्यावरच्या आकड्याचा त्यातला वाटा लहान. पिक्सेल कन्सोल रंगवतो. टीव्ही ते फार तर बिघडवत नाही.

आज हाच हिशेब ४केच्या नावाने चालू आहे. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीच्या ओळी सात फुटांपलीकडून वेगळ्या दिसत नाहीत, म्हणजे आठ-नऊ फुटांवर सोफा असलेल्या घरात ४केचा निव्वळ ओळींपुरता फायदा जवळपास शून्य. प्रखर आणि मंद उजेड एकत्र दाखवणारे एचडीआर पडदे आणि ओएलईडीचा काळा रंग यांचा फायदा मात्र कुठूनही दिसतो. बंजीने ऐंशी ओळी विकून जे घेतलं होतं, ते दाखवू शकणारा पडदा आता कुठे घरात आलाय. प्लेस्टेशन ५च्या खोक्यावर सुरुवातीला ‘८के’ छापलेलं होतं. २०२४ मध्ये ते निघालं.

आणि एक गोष्ट बदलली. २००७ मध्ये ओळी द्यायच्या की उजेड की वेग, हे स्टुडिओ परस्पर ठरवायचा आणि खेळणाऱ्याला पिक्सेल मोजून शोधावं लागायचं. आता अनेक गेममध्ये हा प्रश्न सेटिंगमध्येच विचारतात: ‘क्वालिटी’ घेतलं तर जास्त पिक्सेल आणि ३० चित्रं, ‘परफॉर्मन्स’ घेतलं तर कमी पिक्सेल आणि ६० चित्रं. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो सादर करताना सोनीच्या मार्क सर्नी यांनी लोक काय निवडतात ते सांगितलं. सुमारे तीन-चतुर्थांश वेळा ‘परफॉर्मन्स’.